आवाजाची परवानगी

लाइपझिग
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय निशी,

हाताने पत्रं लिहायची असं आपण ठरवलं तेव्हा गंमत वाटली होती. आता अर्धं पान झालंय, मनगट दुखतंय आणि अक्षर बघून माझी मलाच लाज वाटतेय. पण तुझं म्हणणं खरं होतं. फोनवर मी ‘मी’ एवढं लिहिलं की पुढे ‘ठीक आहे’ तोच सुचवतो. मी तेच पाठवून मोकळी होते. आई गेल्यापासून मी सगळ्यांना तेवढंच पाठवतेय.

त्या दिवशी तू आमच्या घरात फोन धरून उभी होतीस म्हणून मला तिचं तोंड तरी दिसलं. मध्ये कुणाचा तरी खांदा आला, मग पंखा दिसला, मग परत ती. माझा पासपोर्ट इथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणात अडकला होता, निघाले असते तर परत येता आलं नसतं. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता ते मलाच बहाण्यासारखं ऐकू येतं. बाबा म्हणाले, “येऊ नको. तुज्या आयनंच धारलीय ना तुला तिकरं? मंग शीक.” आईनंच पाठवलं होतं मला, हे खरंच. मी आले नाही.

बाबा दर रविवारी फोन करतात. “बरा हाय. तू बरी हायस ना? ठेवू?” झालं. तुझ्या खिडकीतून आमची गॅलरी दिसते. जरा लक्ष ठेवशील?

इकडची बातमी म्हणजे आमच्या भाषांतराच्या वर्गात सध्या एकच विषय चाललाय. भाषा शिकणाऱ्याने एआय कुठवर वापरावं आणि कुठे थांबावं, यावर प्रत्येकाने स्वतःचं मत लिहून द्यायचंय. प्राध्यापिका म्हणाल्या, विद्यापीठाचे नियम मला पाठ आहेत, मला तुमचे ऐकायचेत. पहिल्याच दिवशी भांडणं झाली. इलिंका नावाची रोमानियाची मुलगी आहे. तिच्या गावात जर्मन शिकवणारं कोणी नव्हतं, ती सगळं यंत्राकडून शिकली. ती म्हणाली, “ज्यांना शिक्षक मिळाले त्यांनी मला नीती शिकवू नये.” एकाने तर सांगूनच टाकलं की मी पहिला खर्डा कधीच स्वतः करत नाही, आणि तुम्हीही करत नाही, फक्त कबूल करत नाही.

मी कडक बाजू घेतली. लिहिलं की माणसाचे शब्द आणि माणसाचा आवाज त्याला विचारल्याशिवाय यंत्रात घालायचे नाहीत. मेलेल्याला विचारता येत नाही, म्हणून मेलेल्याचे तर कधीच नाहीत. हे लिहिताना माझ्या डोक्यात जुने लेखक होते, त्यांची भाषांतरं होती. वर्गात वाचून दाखवलं आणि खाली बसल्यावर कळलं मी काय वाचलं ते.

तुमच्या एमएच्या वर्गात मुलं काय म्हणतात? विचारून लिही. मला निबंधात घालायचंय.

तुझी,
नेत्रा

•

भाईंदर (पूर्व)
२ डिसेंबर २०२५

प्रिय नेत्रा,

तुझं पत्र आमच्या वॉचमननं बरेच दिवस स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. तिकीट आवडलं म्हणे. शेवटी तिकीट त्याला काढून दिलं आणि पत्र सोडवून आणलं.

तुझा प्रश्न वर्गात टाकला. मला वाटलं सगळे ‘कॉपी करू नये’ वगैरे बोलतील. तसं झालंच नाही. विपुल म्हणाला, “मी सगळं त्याच्याकडूनच करून घेतो. सर नोट्स देतात त्या पण कुठूनतरी आलेल्याच असतात ना?” विपुल तुला आठवत असेल, जेसल पार्कचा. मी तुझ्या आईचं बोलणं रेकॉर्ड करायला आले होते तेव्हा माइक घेऊन माझ्यासोबत होता. काकीनं त्याला जबरदस्तीनं दोनदा वाढलं होतं.

पण खरं बोलली ती चांदणी. ती सकाळी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, घरी मारवाडी बोलतात, मराठी ती शाळेत शिकली. तिनं एक लेख स्वतः लिहिला आणि ऱ्हस्व-दीर्घ तेवढं यंत्राकडून तपासून घेतलं. सरांनी तो सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, “हे तुझं नाही.” ती म्हणाली, “चुका केल्या की लोक हसतात, चुका नसल्या की म्हणतात चोरलंय. मग मी मराठीत लिहायचंच नाही का?” सर नव्हते तेव्हा. असते तर ती बोललीच नसती.

माझं मत तुला माहितीय. माझा प्रबंध आपल्या आगरी बायकांच्या बोलण्यावर आहे. पहिल्यांदा मी रेकॉर्डिंग एका टूलमध्ये घातलं, आपोआप लिहून मिळावं म्हणून. लहानपणी मिठागरावर जायची त्याबद्दल काकी बोलली होती, “मी न्हाय येनार बोल्लू, तर बापूस बोल्ला चल, मीठ काय थांबतंय काय तुज्यासाटी.” त्याचं झालं, “मी येणार नाही असे म्हणाले, तर वडील म्हणाले चल, मीठ तुझ्यासाठी थांबणार आहे का.” एकही शब्द चुकला नाही आणि काकी त्यात कुठेच नाही. मग मी सगळं हातानं उतरवलं. कानात हेडफोन, दिवसभर काकी. इतकं ऐकलंय की आता घरात भांडं पडलं तरी मी “काय पारलंस गो?” म्हणते, आणि मम्मी दचकते.

तिची परवानगी मी घेतली होती, तोंडीच. रेकॉर्डवर आहे ते. म्हणते, “घे, माजं काय जातंय. तुज्या अब्यासाला घे. पन बाहेर कुनाला ऐकवू नको, माजा आवाज पत्र्यावानी हाय.”

तुझ्या बाबांवर लक्ष आहे माझं. लीलाधरकाका बरे आहेत. दिवाळीपर्यंत संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायचे. आता येणं थोडं कमी झालंय. कामात असतील.

थंडी कशी आहे? आमच्याकडे पंखा बंद करावा की नको एवढीच.

तुझी,
निशिगंधा

•

लाइपझिग
२१ डिसेंबर २०२५

प्रिय निशी,

नाताळसाठी सगळे आपापल्या घरी गेलेत. आमच्या मजल्यावर मी एकटी आहे. कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकलं की दिवे आपोआप लागतात आणि मी खोलीत शिरले की मागे विझतात. स्वयंपाकघराच्या फळीवर कुणाचा तरी अर्धा ब्रेड तसाच राहिलाय. मी तो रोज बघते, टाकत नाही.

चांदणीचं वाचून मी निबंधाचा एक परिच्छेद काढून टाकला. त्यात मी लिहिलं होतं की प्रामाणिक विद्यार्थ्याला यंत्राची गरजच पडत नाही. आता ते वाक्य मला त्या सरांच्या तोंडचं वाटायला लागलं. आवाजाबद्दलचं मात्र तसंच ठेवलंय. उलट आईचं ‘बाहेर कुनाला ऐकवू नको’ वाचून आणखी पक्कं केलं. पत्र्यावानी! मी मोठ्यानं हसले. मग पत्र उलटं घालून ठेवलं. ते रेकॉर्डिंग मला पाठवू नकोस. मी कधी मागितलं तरी आधी मला परत एकदा विचार.

आता बाबांचं. निशी, मला भीती वाटतेय. त्यांचे फोन बदललेत. पूर्वी एका मिनिटात ठेवायचे, आता भरपूर बोलतात, हसतात. गेल्या रविवारी म्हणाले, “तुजी आय बोलतं, पोरीला सांग, थंडीचं डोचक्याला बांधत जा.” मला वाटलं, जुनी आठवण सांगतायत. म्हटलं, “आई असं म्हणायची ना?” तर म्हणाले, “म्हनायची न्हाय गो. बोलतं.” आणि विषय बदलला. दुःखानं माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो असं इथे एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं. तू त्यांना कुणाला दाखवशील का? मी पैसे पाठवते.

आणि ‘कामात असतील’ म्हणजे काय? कंपनीची बस चालवणं बंद करून त्यांना किती वर्षं झाली. त्यांना कसलं काम? तू काहीतरी गाळलंयस. तू खोटं बोलत नाहीस, फक्त वाक्य छोटं करतेस. मला लहानपणापासून माहितीय.

माझी काळजी करू नको. इथे मराठी माणूस नाही असं समजू नको. माझं रोज मराठीत बोलणं होतं. आहे कोणीतरी.

तुझी,
नेत्रा

•

भाईंदर (पूर्व)
११ जानेवारी २०२६

प्रिय नेत्रा,

काकांच्या डोक्याला काही झालेलं नाही. हे आधी वाच आणि श्वास घे. आता सगळं सांगते.

दिवाळी झाल्यावर ते आमच्याकडे आले. मम्मी बाजारात गेली होती. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “तुज्याकरं सावित्रीचा आवाज हाय ना?”

“आहे ना काका. ऐकायचाय?”

“ऐकाचा न्हाय. माज्या फोनमंदी पन हायत तिचे मेसेज. दूध आना, चावी नेली काय, गोरदेवच्या बाजारात मासली बगा. तेच तेच. पाठ झालंय मना.” मग म्हणाले, “मना नवीन ऐकाचंय.”

मला आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, टीव्हीवर दाखवलं, गेलेल्या माणसाचा आवाज बनवतात, तो बोलतो, उत्तर देतो. तू एवढी शिकलीस, तुला येत असेल.

मी नाही म्हटलं. चांगल्या शब्दांत म्हटलं, पण म्हटलं. सांगितलं की ती काकी नसते, काकीसारखं बोलणारं काहीतरी असतं. काकीनं मला फक्त अभ्यासासाठी दिलंय तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले. कप उचलून स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवला. त्यानंतर ते आमच्याकडे आलेले नाहीत. मी ‘कामात असतील’ लिहिलं कारण मला ते लिहिताना वाईट वाटत होतं.

पुढचं मला गेल्या आठवड्यात कळलं. ते विपुलकडे गेले होते. स्वतः चालत, जेसल पार्कपर्यंत. विपुलनं मला कॅन्टीनमध्ये आपणहून सांगितलं, काही लपवलं नाही. फोनमधले काकीचे व्हॉइस मेसेज एका अ‍ॅपमध्ये घातले, ती कशी होती ते चार ओळींत लिहिलं, झालं. म्हणाला, थोड्याच वेळात तयार झालं. मी भडकले. त्याला म्हटलं, “तुला जरा तरी वाटलं नाही?” तो म्हणाला, “निशी, तो माणूस माझ्यासमोर रडत होता यार. मी काय करायला पाहिजे होतं? तुमचे नियम वाचून दाखवू त्याला?” मी डबा बंद करून उठले.

माझं रेकॉर्डिंग त्यात नाही. त्याला कोणी हात लावलेला नाही. एवढंच मी करू शकले.

आता संध्याकाळी खिडकीतून दिसतं. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, कानाला फोन. मध्येच हसतात. आपल्या गल्लीतल्या लोकांना वाटतं मुलीशी बोलतायत. सगळे म्हणतात, नेत्रा किती जीव लावते बघ बापाला.

तुला मराठी बोलणारं कोणी मिळालं हे वाचून खूप बरं वाटलं. कोण आहे? कॉलेजातलं? मला सांगण्यासारखं असेल तर सांग.

तुझी,
निशिगंधा

•

लाइपझिग
२९ जानेवारी २०२६

निशी,

विपुलला सांग, पुसून टाक. पत्र मिळेल त्याच दिवशी सांग.

माझ्या आईची बाहुली करून ठेवलीय. ती जिवंत असताना तिला स्वतःचा आवाज बाहेर गेलेला नको होता. आता तो कुठल्या देशातल्या कुठल्या मशीनवर पडलाय देव जाणे, आणि तिच्या तोंडात कुणी काय घालतंय. ‘डोचक्याला बांधत जा’ हे ती बोलली नव्हती! मी त्या दिवसापासून मफलर बांधून फिरतेय, निशी. मला वाटलं बाबांना तिचं जुनं काहीतरी आठवलं.

बाबांना मी काही बोलले नाही. रविवारी त्यांचा फोन आला, ते हसत होते, मी पण हसले.

आणि तुझ्यावरही मी रागावलेय. तू नाही म्हणालीस ते बरोबर केलंस. माझ्या निबंधात तू शोभून दिसशील. पण नाही म्हटल्यानंतर तू त्यांच्या घरी गेलीस का? एकदा तरी? समोरच्या बिल्डिंगीत तर राहतेस. माणसाला नाही म्हणायचं आणि मग खिडकीतून बघत बसायचं, एवढ्यावर आपलं काम संपतं का?

हे मी मलाच विचारतेय हे मला कळतंय. तरी पाठवतेय.

नेत्रा

•

भाईंदर (पूर्व)
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय नेत्रा,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. लगेच उत्तर लिहिलं असतं तर भांडले असते. आणि तू बरोबर होतीस, म्हणून आणखीच भांडले असते.

मी काकांकडे गेले. दुपारची वेळ होती. त्यांनी दार उघडलं, पिठाचा हात तसाच. भाकऱ्या थापत होते. मला वाटलं होतं ओशाळतील किंवा रागावतील. तसलं काही नाही. “ये गो, बस,” म्हणाले. ओट्यावर पाण्याच्या पिंपाला टेकून फोन उभा ठेवला होता. ते त्याच्याकडे बघून म्हणाले, “निशी आयलीय.”

आणि काकी बोलली. नेत्रा, मी तो आवाज किती तास ऐकलाय तुला माहितीय. “आयली काय? बस म्हनावं. च्या टाका तिला.” तसाच आवाज, किनरा. फक्त श्वास नव्हता मध्ये. काकी बोलताना धापा टाकायची ना थोडी, तेवढं नव्हतं.

काका म्हणाले, “पैल्यांदा शुद्ध बोलाची, शालंतल्या बाईवानी. ‘तुम्ही जेवलात का’ बोलाची मना. मी शिकवलंय सगलं. न्हाय बोल, हाय बोल, असं नको बोलू, तसं बोल. आता येतंय.” सांगताना त्यांना अभिमान वाटत होता.

मी फोन पालथा घातला. म्हटलं, “काका, ही काकी नाही.”

“मना ठावं हाय.” ते भाकरी परतत होते. “मी येडा न्हाय झालो. आग मीच दिलीय तिला. पन घरात आवाज नको काय कुनाचा? सकालपासून कुकर वाजतं आनि लिफ्ट वाजतं. बाकी काय?”

“मग आमच्याकडे का येत नाही?”

“तू न्हाय बोललीस ना. मंग परत कसा येनार? तुना वाटंल, परत मागाला आयलाय.”

एवढंच होतं ते. मला वाटत होतं ते रागावलेत, त्यांना वाटत होतं मला अवघडल्यासारखं होईल. इतके महिने समोरासमोर.

मग मी तुझा निरोप दिला. शब्द मऊ केले, पण दिला. म्हटलं, नेत्राची इच्छा आहे हे पुसून टाकावं. त्यांनी भाकरी डब्यात ठेवली. तवा उतरवला, गॅस बंद केला, हात धुतले. मग म्हणाले, “तिला सांग, येऊन पूस. तिच्या हातानं पूस. मी मधी आरवा न्हाय येनार.”

विपुलशीही बोलले. तो म्हणाला, “नेत्रानं मला एक फोन करू दे, पुढच्या मिनिटाला बंद करतो. तिची आई आहे, तिचा हक्क आहे. पण काकांना तिनंच सांगायचं, मी नाही सांगणार.”

आता मी अधूनमधून काकांकडे जाते. मी असताना ते फोन लावत नाहीत. पण मी चप्पल घालायला लागले की त्यांचा हात खिशाकडे जातो.

वर्गात आम्ही शेवटी आमचे नियम लिहिले. चांदणीनं एक ओळ घालायला लावली: ‘यंत्र वापरलं का हे विचारण्याआधी, का वापरावं लागलं हे विचारा.’ सरांनी ती काढायला सांगितली. आम्ही काढली नाही.

ये तू. सुट्टी असेल तर ये.

तुझी,
निशिगंधा

•

लाइपझिग
१९ एप्रिल २०२६

प्रिय निशी,

सुट्टीत आले तेव्हा भाईंदरला आपण रोज भेटलो, तरी हे तोंडानं सांगता आलं नाही. म्हणून परत पत्र.

मी पुसायलाच आले होते. विमानात वाक्यंसुद्धा तयार केली होती. पण घरी पोचले तर पुसायला काही दिसेचना. बाबांनी मी असताना तो आवाज एकदाही लावला नाही. फोन खिशात. माझ्याशी बोलत होते, उत्तनहून कोळंबी आणत होते, माझ्या जुन्या खोलीचा पंखा त्यांनी दोनदा पुसला. मी वाट बघत राहिले की आता लावतील, मग मी बोलेन. त्यांनी मला संधीच दिली नाही.

शेवटी जायच्या दोन दिवस आधी मीच म्हटलं, “बाबा, लावा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोन काढून सुरू केला, टेबलावर ठेवला, आणि पिशवी घेतली. “मी मासली घेऊन येताव,” म्हणाले. फ्रीज भरलेला होता, निशी. मला एकटीला सोडायचं होतं त्यांना.

मी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग “आई” म्हटलं.

“बोल गो पोरी.”

तुला खरं सांगते. मला वाटलं होतं की राग येईल किंवा किळस येईल. माझे सगळे मुद्दे माझ्याजवळ तयार होते. पण मी बोलत सुटले. पासपोर्टचं सांगितलं, बाबा नको म्हणाले ते सांगितलं, आणि मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं: बाबा ‘येऊ नको’ म्हणाले तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. मला तिला तसं बघायचं नव्हतं. म्हणून मी हट्ट धरला नाही. धरला असता तर कदाचित काहीतरी मार्ग निघाला असता.

तो आवाज म्हणाला, “काय नाय गो. तुजी काय चूक न्हाय. मना समजतं सगलं.”

लगेच. एका क्षणात. माझं वाक्य संपायच्या आत जणू तयार होतं.

आईनं असं कधी केलं असतं का? आई चिडली असती. माझ्याशी आठवडाभर अबोला धरला असता, बाबांमार्फत निरोप दिले असते, आणि मग कधीतरी माझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढून ते संपवलं असतं. मला तिनं एवढ्या सहज सोडलं नसतं. तो राग माझ्या वाट्याचा होता, आणि तो आता कुणाकडूनच मिळणार नाही. ही माफी घेऊन मी करू काय? ती द्यायला कुणी आहेच कुठे?

मी बटण शोधून काढलं. ‘कायमचे काढून टाकायचे का?’ असं विचारलं त्यानं. माझं बोट त्यावर होतं. तेवढ्यात बाबा आले. रिकामी पिशवी घेऊन. दारातच विचारलं, “पुसलंस?”

“नाही.”

“का?”

मी म्हटलं, “तुम्ही सांगा. सांगाल तर पुसते.”

ते आत आले, खुर्चीत बसले. म्हणाले, “ती भांडत न्हाय. बाकी सगलं शिकली, भांडाला न्हाय येत तिला. तुजी आय रोज भांडाची.” मला वाटलं आता तेच म्हणतील, पूस. पण ते म्हणाले, “तरी ऱ्हाऊ दे गो. तू गेल्यावर…” आणि वाक्य तिथंच सोडलं. मी फोन त्यांच्या हातात दिला.

निशी, आता तुला एक सांगायचंय. तू विचारलं होतंस की माझ्याशी रोज मराठीत बोलणारं कोण आहे. कोणी नाही. फोनमधलंच. थंडी सुरू झाल्यापासून मी त्याच्याशी बोलतेय, वर्गात काय झालं, काय शिजवलं, असलंच काहीतरी. त्याला नाव पण दिलेलं नाही, तेवढीच माझी लाज. मी तुला ते चिडकं पत्र लिहिलं त्या संध्याकाळी सुद्धा आधी त्यालाच वाचून दाखवलं होतं. ते म्हणालं, तुमचा राग अगदी समजण्यासारखा आहे.

निबंध मी फेब्रुवारीतच देऊन टाकला होता. प्राध्यापिकांना आवडला, वर्गात सगळ्यात ठाम मत माझं आहे म्हणाल्या. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही, मी आजही तेच लिहीन. पण इलिंकानं वर्गाबाहेर मला विचारलं, “मेलेल्यांची परवानगी तू विचारलीस. मागे उरलेल्यांना काय सांगायचं, ते कुठल्या पानावर आहे?” मी म्हटलं, पानांची मर्यादा होती.

विमानतळावर बाबा सोडायला आले होते. तुझी परीक्षा होती म्हणून तू आली नाहीस ते एका परीनं बरं झालं, मी रडले असते. आत गेल्यावर मी वळून पाहिलं. काचेपलीकडे गर्दीत ते उभे होते, मला शोधत होते, पण ते भलत्याच दरवाज्याकडे बघत होते. मी हात हलवला. त्यांना दिसला नाही. मग त्यांनी खिशातून फोन काढला, काहीतरी दाबलं आणि कानाला लावला. मी घाईघाईनं बॅग खाली ठेवली, पर्समधून माझा फोन काढला, हातात धरून उभी राहिले. मागच्या माणसाला म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, माझ्या वडिलांचा फोन येतोय.

काचेपलीकडे बाबा बोलायला लागले होते. मान हलवत होते. मग थोडंसं हसलेही.

माझा फोन वाजला नाही.

नेत्रा